डोळ्यातल्या पाण्याचं पोटॅशियम मोजायला घेतलेलं इलेक्ट्रोलाइट मशीन, अडीच वर्षं वापरून झाल्यावर

मी मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजच्या फॉरेन्सिक विभागात लॅब टेक्निशियन आहे. अडीच वर्षांपूर्वी आमच्याकडं टेबलावर बसणारं छोटं इलेक्ट्रोलाइट मशीन आलं, सोडियम पोटॅशियम क्लोराइड करणारं, म्हणजे तालुक्याच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तासाठी असतं तेच, फक्त आम्ही ते मयताच्या डोळ्याच्या आतल्या पाण्यासाठी (अश्रू नव्हे) घेतलं, मृत्यू होऊन किती वेळ झाला याचा अंदाज काढायला. आता दोन-तीन ठिकाणच्या लोकांचे फोन आले, घ्यावं का, कसं चालतंय, किती खर्च येतो, तर प्रत्येकाला अर्धा अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकायलोय. कंपनीचं, एजन्सीचं, कॉलेजचं नाव घेत नाही कारण तक्रारीही लिहिणार आहे, आणि तसंही या किमतीतली बहुतेक मशीन आतून सारखीच असतात.

५ पैकी ४ स्टार मशीनला. मशीनसोबत विकणाऱ्यानं जो लॅमिनेट केलेला तक्ता दिला त्याला एकही नाही, तो आम्ही भिंतीवरून काढून टाकला.

ज्यांना विषय माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. डोळ्याच्या गोळ्यात भिंगाच्या मागची सगळी जागा एका पारदर्शक जेलीनं भरलेली असते, तिला व्हिट्रियस म्हणतात. एका डोळ्यात साधारण ४ मिली. त्यात ९८-९९ टक्के पाणीच, बाकी हायलुरोनिक ॲसिड आणि कोलॅजेनचे बारीक तंतू, म्हणून ते कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरतं. माणूस जिवंत असतो तेव्हा पेशीच्या आत पोटॅशियम १४०-१५० मिलीमोलच्या घरात असतं आणि बाहेर रक्तात साडेतीन ते पाच. एवढा फरक आपोआप टिकत नाही, पेशीच्या भिंतीत सोडियम-पोटॅशियमचा पंप रात्रंदिवस चालू असतो म्हणून टिकतो. श्वास थांबला, ऑक्सिजन संपला की पंप बंद. मग रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, पेशींतलं पोटॅशियम झिरपत झिरपत त्या जेलीत उतरायला लागतं, आपल्याकडं उन्हाळ्यात उपसलेल्या विहिरीत रात्रभर पाणी पाझरून वर चढतं ना, अगदी तसं, पातळी बघून कळतं की उपसा होऊन किती वेळ झाला असेल. सुरुवात ५-६ पासून होते आणि तासागणिक आकडा चढत जातो.

आता रक्तच का नाही घ्यायचं, तर रक्त मेल्यावर काही तासांतच बिघडतं, तांबड्या पेशी फुटतात, त्यांतलं पोटॅशियम बाहेर येतं, त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. डोळा मात्र हाडाच्या खोबणीत बंद असतो, त्या जेलीत रक्तवाहिन्या नाहीत, जंतू तिथं उशिरा पोचतात. पोट फुगलेलं, चेहरा ओळखू येईना अशा बॉडीतसुद्धा कधी कधी स्वच्छ व्हिट्रियस निघतं.

आणि आपल्याकडं याची गरज जास्त का आहे ते सांगतो. पुस्तकात मृत्यूची वेळ काढायची पहिली रीत म्हणजे बॉडी किती थंड झाली ते बघा. पण मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ वर असतो आणि माणसाचं शरीर ३७ अंश, मग बॉडी थंड होणार कुठून? पत्र्याच्या खोलीत पडलेली बॉडी तर उलट तापते. ताठरपणा म्हणजे रिगर उन्हाळ्यात लवकर येतो आणि लवकर सुटतो. उजव्या ओटीपोटावरचा हिरवट डाग १२ ते १८ तासांत दिसायला लागतो. म्हणजे दोन दिवसांची बॉडी आणि सव्वा दिवसाची बॉडी टेबलावर जवळजवळ सारखीच दिसते, आणि जमादार हातात कागद धरून आमच्या पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टर मॅडमपुढं उभा असतो की मॅडम वेळ सांगा, पंचनाम्याला जोडायचंय. अशा वेळी एखादा आकडा हाताशी असलेला बरा, हे खरंच.

पण आकडा म्हणजे वेळ नाही, आणि माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे. मशीन पोटॅशियम दाखवतं. त्यावरून तास काढायचे ते माणसानं, आणि तिथंच सगळी गडबड होते.

मशीन बसवायला आलेल्या एजन्सीच्या माणसानं सोबत एक तक्ता आणला होता, चांगल्या जाड कागदावर रंगीत छापलेला, एका बाजूला पोटॅशियम आणि दुसऱ्या बाजूला तास आणि मिनिटं. मिनिटं! म्हणे सर तुम्हाला काही करायची गरज नाही, स्लिप काढा, तक्त्यात बघा, लिहून द्या. तक्ता कशावर बनवलाय ते विचारलं तर त्याला सांगता येईना. आमच्या मॅडमनी दोन आकडे घेऊन उलटं गणित करून बघितलं तेव्हा कळलं की तो स्टर्नर आणि गँटनर यांच्या १९६४ च्या सूत्रावर बनवलाय, म्हणजे तास बरोबर पोटॅशियम गुणिले ७.१४ वजा ३९.१. सूत्र खोटं नाही, या विषयातलं सगळ्यात गाजलेलं तेच, पण ते एकमेव नाही. १९८९ मध्ये जर्मनीत माडेआ यांनी काढलं ते गुणिले ५.२६ वजा ३०.९. २००१ मध्ये स्पेनच्या मुन्योस यांनी काढलं ते गुणिले ३.९२ वजा १९.०४, आणि त्यांचा मुद्दा मला फार पटला, की आधीचे लोक वेळ गृहीत धरून पोटॅशियम किती येईल ते बसवत होते आणि मग ते समीकरण उलटं फिरवत होते, तर आपल्याला जे काढायचंय ते वेळ आहे म्हणून गणित पहिल्यापासूनच पोटॅशियमकडून वेळेकडं मांडायला पाहिजे.

आता हे तिन्ही शेजारी ठेवून बघा. मशीननं १२ दाखवलं समजा. पहिल्या सूत्रानं साडेसेहेचाळीस तास, दुसऱ्यानं बत्तीस, तिसऱ्यानं अठ्ठावीस. एकच डोळा, एकच आकडा, आणि साडेअठरा तासांचा फरक! एखाद्याला त्या साडेअठरा तासांत कुठं होतास म्हणून पोलीस स्टेशनला बसवून ठेवलं असेल तर त्याच्यासाठी हा फरक काय असेल विचार करा. आणि हे झालं नुसत्या सूत्रांचं, प्रत्येक सूत्राच्या आत आणखी चुकीची जागा आहेच. माडेआ यांच्या त्याच अभ्यासात सगळ्या केसेस धरल्या तर ९५ टक्क्यांचा पट्टा (शंभरातल्या ९५ केसेस ज्यात बसतात तो) ३४ तास इकडं आणि ३४ तास तिकडं असा येत होता, आणि व्हिट्रियसमधला युरिया १०० मिलिग्रॅमच्या वर असलेल्या केसेस काढून टाकल्या तर तो २० तासांवर आला. युरिया वाढलेला म्हणजे माणूस मरायच्या आधीच आजारी होता, त्याचं पोटॅशियम आधीच हललेलं असू शकतं, म्हणून. २० तास इकडं तिकडं हा चांगला निकाल मानला जातो, आणि आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात मिनिटं होती.

मशीन स्वतः किती भरवशाचं, तर एकच सॅम्पल तीनदा लावलं की ०.१-०.२ चा फरक येतो, रक्ताच्या रिपोर्टसाठी एवढा फरक कोणी मनावर घेत नाही. पण ७.१४ नं गुणलं की ०.१ चे ४३ मिनिटं होतात. शिवाय मशीन बदललं की आकडा बदलतो, हे अमेरिकेतल्या कोए आणि ॲपल यांनी १९८५ लाच दाखवून ठेवलंय. जुनी सूत्रं बरीचशी फ्लेम फोटोमीटरच्या काळातली, त्यात सॅम्पल ज्योतीत जळतं आणि रंगावरून पोटॅशियम मोजतात, आणि आमचं मशीन इलेक्ट्रोडचं, त्यात व्हॅलिनोमायसिन नावाच्या रसायनाचा पडदा असतो जो फक्त पोटॅशियमला ओळखतो. एकाच्या मापानं दुसऱ्याचा सदरा शिवायचा म्हणलं तर कुठंतरी आखूड होणारच.

आता सॅम्पलचं, कारण मशीनबद्दलच्या निम्म्या तक्रारी खरं म्हणजे सॅम्पलच्या असतात. पहिल्या दोन महिन्यांत आम्हाला रोज एरर यायचा, सॅम्पलमध्ये हवा, सॅम्पल कमी, परत लावा. मी एजन्सीला दोनदा फोन केला. चूक मशीनची नव्हती, ती जेली बारीक नळीत ओढलीच जात नव्हती. मग मॅडमनी वाचून सांगितलं तसं करायला लागलो, घट्ट झाकणाच्या नळीत सॅम्पल उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवायचं, थंड करायचं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटं, आणि वरचं स्वच्छ पाणी तेवढं घ्यायचं. तेव्हापासून एरर महिन्यातून एखादा. काही ठिकाणी हायलुरोनिडेज एन्झाइम टाकतात, त्यानंही जेली पातळ होते, आमच्याकडं ते मागवणं जमत नाही म्हणून आम्ही उकळतोच. काहीही करा पण सगळ्या सॅम्पलला तेच करा, आज उकळलं उद्या नाही असं नको.

आणि काढताना घाई नाही. हे बघितल्याशिवाय कळत नाही म्हणून सांगतो. मॅडम डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडून, काळ्या बुबुळाच्या कडेपासून ५-६ मिलिमीटर मागं, २० नंबरची सुई आत घालतात, सुईचं टोक गोळ्याच्या मधोमध गेलं की बाहुलीतून ते दिसतं, आणि मग दट्ट्या इतका हळू ओढतात की बघणाऱ्याला वाटावं काहीच होत नाहीये. आधी एक बुडबुडा, मग तार धरलेली जेली सिरिंजमध्ये चढायला लागते. आम्ही निघेल तेवढं सगळं काढतो, अर्धंच काढलं तर मधलं आणि कडेचं पोटॅशियम सारखं नसतं म्हणून. जोरात ओढलं की रेटिनाचे तुकडे सोबत येतात, सॅम्पल तपकिरी दिसतं, आणि त्या तुकड्यांतलं पोटॅशियम आकड्यात मिसळून जातं, ते सॅम्पल मी मशीनला लावतच नाही, नोंदवहीत गढूळ लिहून सोडतो. दोन्ही डोळे वेगळ्या नळ्यांत, वेगळ्या चिठ्ठ्या. आणि जेली काढली की डोळा आत बसतो, म्हणून त्याच सुईतून तेवढंच सलाइन परत भरायचं. हे पुस्तकात एका ओळीत असतं पण आमचे शवागारातले मामा यावर फार कडक आहेत, सलाइन भरल्याशिवाय ते पापणी मिटवू देत नाहीत, म्हणतात घरच्यांना तोंड दाखवायचंय.

मागच्या मे मधली एक केस सांगतो, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. एक म्हातारे शेतकरी, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या राहायच्या जागी, एकटेच राहायचे. बुधवारी सकाळी शेजारच्या गड्याला मेलेले दिसले. सोमवारी संध्याकाळी मुलाशी फोनवर बोलले होते, मंगळवारी मुलानं दुपारी फोन केला तर उचलला नाही, त्याला वाटलं चार्जिंग नसेल. बुधवारी दुपारी १ वाजता पीएम सुरू झालं. अंगावर जखम काही नाही. रिगर सुटत आलेला, पोटावर हिरवा डाग, नाकाकडं माशांची अंडी. मुलगा पीएम रूमच्या बाहेर पायरीवर बसला होता, मी सॅम्पल घेऊन निघालो तर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, एवढंच सांगा, आमचे आबा सोमवारी गेले का मंगळवारी. तिथी कोणती धरावी ते कळंना."

मी म्हणलं मी साहेब नाही, मॅडम सांगतील, थोडं थांबा. पण ते माझ्या डोक्यात बसलं. आपण इथं कोर्ट, पोलीस, संशयित असंच धरून चालतो, आणि या माणसाला दरवर्षी कोणत्या दिवशी पान वाढायचं तेवढं पाहिजे होतं.

मशीनवर ११.४ आलं. दोन्ही डोळ्यांत जवळजवळ तेच. तेव्हा तक्ता अजून भिंतीवर होता आणि नव्या रेसिडेंटनं त्यात बघून कच्च्या कागदावर लिहूनही टाकलं, ४२ तास १८ मिनिटं. म्हणजे सोमवारी संध्याकाळी पावणेसातच्या आसपास. मुलाशी फोन झाला तो त्याच संध्याकाळी साडेसातला. म्हणजे तक्त्याप्रमाणे मेल्यानंतर पाऊण तासानं आबा फोनवर बोलले! माडेआच्या सूत्रानं २९ तास येत होते, मुन्योसच्या सूत्रानं साडेपंचवीस. आणि ही सगळी आपल्यापेक्षा थंड देशातल्या बॉड्यांवर बसवलेली सूत्रं, गरमीत पोटॅशियम आणखी लवकर चढतं, म्हणजे खरी वेळ याहूनही कमीच असणार. २०१५ मध्ये स्वीडनच्या झिल्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वय आणि आजूबाजूचं तापमान दोन्ही गणितात धरायला पाहिजेत हे दाखवलं, पण तापमान धरायचं तर ते कोणीतरी त्या जागेवर मोजलेलं असायला पाहिजे, आणि त्या दिवशी आखाड्यावर थर्मामीटर घेऊन कोणी गेलं नव्हतं.

मॅडमनी जमादाराला बसवून एक एक विचारलं. शेवटी वेळ मशीनपेक्षा म्हशीनं सांगितली. आबांची एक म्हैस होती, आणि डेअरीच्या नोंदीत मंगळवारी सकाळचं दूध जमा होतं, मंगळवारी संध्याकाळचं नव्हतं. म्हणजे मंगळवारी सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाचच्या मधली गोष्ट, पीएमच्या वेळेपासून मागं साधारण वीस ते तीस तास. त्या पट्ट्यात नंतरची दोन्ही सूत्रं बसतात आणि तक्त्याचं बसत नाही. मॅडमनी पट्टाच लिहून दिला, आकडा नाही. आणि बाहेर जाऊन मुलाला स्वतः म्हणल्या, "मंगळवार धरा दादा, दिवसा गेलेत, रात्री एकटे पडून नव्हते." त्यानं हात जोडले आणि कोणाला तरी फोन लावत निघून गेला.

याच केसमध्ये मशीननं जे खरं काम केलं ते पोटॅशियमचं नव्हतंच. त्याच स्लिपवर सोडियम १७१ आणि क्लोराइड १४२ आलं होतं. मेल्यावर व्हिट्रियसचं सोडियम आणि क्लोराइड हळूहळू उतरतं, चढत नाही, म्हणजे मेल्यानंतर दिवसभरानं इतकं जास्त दिसत असेल तर जिवंतपणीच अंगातलं पाणी गेलेलं असणार. कोए यांनी याला डिहायड्रेशनचा नमुना म्हणून सांगून ठेवलंय, सोडियम १५५ च्या वर, क्लोराइड १३५ च्या वर आणि युरियाही वाढलेला. बायोकेमिस्ट्रीत युरिया करून घेतला तर तोही १०० च्या वर. भर मे महिना, एकटं म्हातारं माणूस, आखाडा पत्र्याचा. बाकी काही सापडलं नाही, व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे तुकडे, विष बघायला केमिकल ॲनालिसिसला गेला, तो निगेटिव्ह आला, तेव्हा मॅडमना मत द्यायला या तीन आकड्यांचा आधार झाला. युरिया वाढलेला म्हणल्यावर पोटॅशियमच्या सूत्रावर आणखी कमी विश्वास ठेवायचा हेही त्याच स्लिपनं सांगितलं. म्हणून मी विचारणाऱ्यांना म्हणतो, आपल्या भागात उन्हाळ्यात माणसं कशानं जातात ते कळायला मशीन घ्या, कधी गेली ते त्यासोबत थोडंफार कळेल.

तक्ता त्याच संध्याकाळी काढला. त्याच्या जागी आता एक नोंदवही आहे, त्यात सॅम्पल काढल्याची वेळ, बॉडी कोल्ड स्टोरेजमध्ये कधी ठेवली आणि कधी काढली, जिथं सापडली तिथलं तापमान, वय, दवाखान्यात भरती होते का, दोन्ही डोळ्यांचे आकडे, आणि शेवटच्या रकान्यात मृत्यूची वेळ पक्की माहीत असेल तर ती, म्हणजे रस्त्यावरचे अपघात वगैरे, लोकांनी डोळ्यांनी बघितलेले. कोल्डचं लिहिणं फार महत्त्वाचं, थंडीत पोटॅशियमचं चढणं मंदावतं, रात्रभर ४ अंशात ठेवलेल्या बॉडीचे तास उन्हातल्या बॉडीसारखे मोजता येत नाहीत. दवाखान्यात मेलेल्यांची पानं वेगळी ठेवलीत, किडनीचे, सलाइन चढवलेले, त्यांचं पोटॅशियम कुठून सुरू झालं ते देवाला माहीत. पोलीस ठाण्याच्या जमादारांना साधे भिंतीवरचे थर्मामीटर दिलेत, मरणोत्तर पंचनाम्याला जाताना घेऊन जा म्हणून, निम्मे नेतात. पंचनामा आता जुन्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातल्या सीआरपीसी १७४ ऐवजी नव्या कायद्यातल्या बीएनएसएस १९४ खाली होतो, १ जुलै २०२४ पासून, पण त्या कागदात तापमानाचा रकाना तेव्हाही बघितला नाही, आताही बघितला नाही, आम्ही समासात लिहून घेतो.

बाकी रोजच्या वापराचं पटकन सांगतो. किंमत आम्हाला दीड लाखाच्या आसपास पडली, ती मोठी गोष्ट नाही, खर्च रिएजंट पॅकचा, म्हणजे मशीनला लागणाऱ्या रसायनांचा आहे. हे मशीन सॅम्पल असो नसो दिवसातून ठराविक वेळा स्वतःला कॅलिब्रेट करत, म्हणजे ठरलेल्या द्रावणावर आपला आकडा तपासून घेत राहतं आणि त्यात पॅक संपतो. रक्ताच्या लॅबमध्ये दिवसाला चाळीस सॅम्पल लागतात तिथं हे परवडतं, आमच्याकडं आठवड्याला चार-पाच, म्हणजे पॅकचा बहुतेक भाग कॅलिब्रेशनमध्येच जातो. बंद करून ठेवायचं म्हणलं तर इलेक्ट्रोड सुकतात आणि परत चालू करताना अर्धा दिवस आकडा स्थिर होत नाही, ते एकदा करून बघितलंय, करू नका. लाईट गेली की कॅलिब्रेशन पहिल्यापासून, म्हणून यूपीएस सोबतच घ्या, आणि डिस्टिल्ड वॉटर खरं डिस्टिल्ड असल्याची खात्री करा, बोअरचं पाणी तर जवळही आणू नका, आपल्याकडच्या पाण्यात जेवढे क्षार आहेत तेवढे कॅलिब्रेटरमध्येही नसतील.

स्लिप थर्मल कागदावर येते आणि उन्हाळा गेला की पांढरी पडते. कोर्टाची तारीख तीन-चार वर्षांनी लागते, तेव्हा पाकिटात कोरा कागद निघाला तर मॅडम काय दाखवणार. त्याच दिवशी झेरॉक्स काढून त्यावर वेळ, तारीख, सही. हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा, आम्ही सात महिन्यांनी सुरू केला आणि त्याआधीच्या स्लिपा गेल्या.

सर्व्हिसची तक्रार मोठी आहे. दुसऱ्या वर्षी पोटॅशियमचा इलेक्ट्रोड अडखळायला लागला, आकडा वर खाली पळायला लागला, एजन्सीला कळवलं तर इंजिनिअर बारा दिवसांनी आला, उघडून बघितलं आणि म्हणाला तुम्ही यात मयताचं सॅम्पल घातलंय, हे वॉरंटीत बसत नाही. मग विकताना कशासाठी विकलं होतं, आणि तो मिनिटांचा तक्ता कोणी आणून लावला होता? मी ते त्याला विचारलं, त्यानं वरिष्ठांशी बोला म्हणलं. शेवटी इलेक्ट्रोडचे पैसे आम्ही भरले. म्हणून घेताना ऑर्डरमध्येच लिहून घ्या की सॅम्पल व्हिट्रियस असणार आहे, मरणोत्तर असणार आहे, आणि त्यासाठी वॉरंटी लागू आहे. तोंडी बोलण्याला काही किंमत नाही.

आणि पोटॅशियमचा एक इलेक्ट्रोड आणि सॅम्पल ओढायची नळी पहिल्याच ऑर्डरमध्ये जास्तीची मागवून ठेवा. आमचं हे बंद पडलं ते नेमकं मे मध्ये, पार्ट यायला तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत आलेल्या बॉड्यांची सॅम्पलं आम्ही फक्त नळ्यांत भरून, वेळ आणि तापमान लिहून डीप फ्रीझरमध्ये ठेवत गेलो. पार्ट आल्यावर पहिल्या दिवशी ती सगळी एका बैठकीत लावली, अकरा होती. त्यातली नऊ घरच्यांनी ओळखून नेलेली, दोन बेवारस, त्यांचे आकडे नोंदवहीत आहेत, नावाचा रकाना अजून मोकळा आहे.